राजकीय परिभाषा आणि ऊर्जासंबंध : रशिया, युक्रेन व जर्मनी

प्रास्ताविक

शेजारी राष्ट्रांमधील ऊर्जाव्यवहार इंधनाचे साठे, वाहिन्या आणि दर यांवर अवलंबून असतो, असे सामान्यतः मानले जाते. परंतु त्या व्यवहारास कोणते नाव दिले जाते, यावरून त्याबाबत प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणास आहे, हेही ठरत असते. प्रस्तुत लेखात रशिया, युक्रेन व जर्मनी यांच्या संदर्भात या प्रक्रियेचा विचार केला आहे.

मैत्रीकडून बाजारभावाकडे

सोव्हिएत काळात पूर्व युरोपकडे तेल नेणाऱ्या वाहिनीस ‘द्रुझ्बा’ म्हणजे मैत्री, तर एका वायुवाहिनीस ‘ब्रात्स्त्वो’ म्हणजे बंधुभाव असे नाव देण्यात आले. या परिभाषेत इंधन ही विक्रेय वस्तू न राहता उपकार ठरते. आणि उपकाराची फेड निष्ठेने करणे अपेक्षित असते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरही युक्रेनला सवलतीचा दर मिळत राहिला. २००४ च्या ‘नारिंगी क्रांती’नंतर मात्र भाषा पालटली. २००५ मध्ये हजार घनमीटरला ५० डॉलर असलेल्या दराऐवजी गाझप्रॉमने ‘बाजारभाव’ म्हणून २३० डॉलरची मागणी केली आणि १ जानेवारी २००६ रोजी युक्रेनचा पुरवठा तोडला. पश्चिम युरोपातील दर चढे होते, हे खरे. तथापि त्याच वर्षी बेलारूसला सुमारे ४७ डॉलरने वायू मिळत होता. बाजाराचा नियम एका शेजाऱ्यास लागू आणि दुसऱ्यास नाही, यातच त्या शब्दाचे राजकीय स्वरूप स्पष्ट होते.

‘निव्वळ आर्थिक’ प्रकल्प

बाल्टिक समुद्रातील ‘नॉर्ड स्ट्रीम-२’ वाहिनीस जर्मन नेतृत्वाने दीर्घकाळ आर्थिक प्रकल्प म्हटले. त्यामुळे पोलंड व युक्रेन यांचे सुरक्षाविषयक आक्षेप विषयाबाहेरचे ठरले. एप्रिल २०१८ मध्ये अँगेला मर्केल यांनी त्यास राजकीय बाजूही असल्याचे मान्य केले. परंतु वाहिनीचे काम पुढे गेले. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ओलाफ शोल्त्स यांनी तिचे प्रमाणीकरण थांबविले. दोनच दिवसांनी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. मार्चअखेरीस ‘अमित्र राष्ट्रां’नी वायूचे मोल रूबलमध्ये चुकवावे, असा आदेश रशियाने काढला. मैत्रीची परिभाषा अशा रीतीने उलट्या अर्थाने परत आली.

समारोप

१ जानेवारी २०२५ पासून युक्रेनमार्गे युरोपला जाणारा रशियन वायू बंद झाला. शब्दांनी झडपा उघडत वा मिटत नाहीत. मात्र झडप कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न ते दीर्घकाळ झाकून ठेवू शकतात. म्हणूनच ऊर्जाकरारांच्या अभ्यासात दर व परिमाण यांबरोबरच करारास दिलेल्या नावाचीही चिकित्सा होणे आवश्यक ठरते.