सकाळी न वळणारी मूठ

संधिवात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती कठड्याला धरून एकेक पायरी चढणारी आजी. तिचा आजार गुडघ्यांच्या झिजेचा. वय, वजन आणि मांडीच्या स्नायूंची ताकद यांवर त्याचं पारडं वरखाली होतं, आणि झीज फारच झाली तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. इथे लिहायचं आहे ते दुसऱ्याच एका आजाराबद्दल. त्यात तिशी-चाळिशीतली बाई सकाळी उठते तेव्हा तिची मूठ वळत नाही. कणीक मळवत नाही, कपडे पिळताना मनगटातून कळ येते, मुलीची वेणी घालताना बोटं आखडतात. दहा-साडेदहापर्यंत हात सैल होतात आणि मग घरच्यांना वाटतं, रात्री अंगावर गार वारा आला असेल. डॉक्टरी भाषेत हा ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस, घरोघरी म्हणतात तो आमवात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन-तीन पट अधिक आढळतो.

यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं, वंगण पुरवणारं. ते सुजतं, जाड होतं आणि मोकळ्या रानात हरळी पसरावी तसं पसरत कूर्चेत आणि हाडात शिरतं. एक्स-रेवर हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसते. हे कुरतडणं बऱ्याच जणांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतं आणि एकदा गेलेलं हाड कोणतंही औषध परत आणत नाही. म्हणून संधिवाततज्ज्ञ पहिल्या तीन ते सहा महिन्यांना जिवापाड जपतात. या काळात योग्य औषध सुरू झालं तर रोग पूर्ण शांत होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. औषधं आहेत, त्यांतली बरीचशी स्वस्त आहेत. आपल्याकडे हात वाकडे होतात ते पहिल्या सुजेपासून योग्य डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर जो काळ हातातून जातो त्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

हा आजार आपल्याकडे किती आहे, याचं एक चांगलं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका गावाने दिलं. उजनीच्या पाणथळीवर रोहित पक्षी बघायला लोक ज्या भिगवणला जातात, तिथे १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाची पाहणी सुरू झाली. गावातलेच स्वयंसेवक घरोघर गेले, ‘दुखतं का, कुठे दुखतं’ हे विचारलं आणि ज्यांचं दुखत होतं त्यांना डॉक्टरांनी तपासलं. दुखणी पुष्कळ निघाली, बहुतेक कष्टाची आणि झिजेची. खरा आमवात निघाला प्रौढांमध्ये साधारण अर्धा टक्का, म्हणजे दोनशे माणसांमागे एक. मोठ्या गावात असे पंचवीस-तीस रुग्ण असतील, तर संधिवाततज्ज्ञ मात्र बहुतेक पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत एकवटलेले. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या बाईला तिथवर पोचायला मुक्कामाची तयारी करावी लागते.

पोचल्यावर तपासणी कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. डॉक्टर आधी हात हातात घेतात. बोटांच्या मुळाशी असलेल्या चार गाठी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबतात. एरवी या दाबाने काही होत नाही, आमवात असेल तर माणूस चटकन हात मागे घेतो. मग एकेक सांधा दोन्ही अंगठ्यांनी चाचपतात. हाड वाढून झालेली गाठ दगडासारखी लागते, अस्तराची सूज ओल्या कणकेसारखी मऊ. खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे वीस सांधे आणि गुडघे मिळून अठ्ठावीस सांध्यांचा हिशेब मांडला जातो: किती सुजलेत, किती दुखतात. त्यात रक्तातल्या दाहाचा आकडा आणि ‘तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय’ याचं उत्तर मिळवलं की रोगाचा जोर एका अंकात बसतो. पुढच्या प्रत्येक भेटीत तोच अंक पुन्हा काढतात.

रक्ताच्या तपासण्यांचा आपल्याकडे उगाच दबदबा आहे. ‘आरए फॅक्टर’ पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात, निगेटिव्ह आला म्हणजे नाही, असं सरळ गणित मांडलं जातं. प्रत्यक्षात हा घटक निरोगी म्हाताऱ्या माणसांत आणि इतर आजारांतही सापडतो, आणि आमवाताच्या वीस-तीस टक्के रुग्णांत सापडतच नाही. अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक नेमकी आहे, पण तीही हातांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. त्यातच चिकनगुन्या होऊन गेलेल्यांचे सांधे कित्येक महिने हुबेहूब आमवातासारखे सुजतात. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने ते मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. शिवाय ‘युरिक अ‍ॅसिड वाढलंय’ असं सांगून डाळी बंद करायला लावलेल्या कितीतरी बायकांचा खरा आजार आमवात निघतो. गाऊट हा वेगळा विकार आहे. तो बहुधा मध्यरात्री पायाच्या अंगठ्याला पेटतो, पुरुषांत जास्त आढळतो आणि कोल्चिसिन, अ‍ॅलोप्युरिनॉल यांनी चांगला आटोक्यात राहतो.

उपचारांची गोष्ट १९४८ पासून सांगायला हवी. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या एक गोष्ट वर्षानुवर्षं लक्षात येत होती: कावीळ झाली किंवा दिवस गेले की आमवाताचे रुग्ण तात्पुरते बरे होतात. शरीरात काहीतरी तयार होऊन रोग दबतो, असा त्यांचा तर्क होता. त्याच संस्थेतले एडवर्ड केंडल अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून निरनिराळी द्रव्यं वेगळी करत होते. त्यांतलं एक सप्टेंबर १९४८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या एकोणतीस वर्षांच्या स्त्रीला टोचलं. काही दिवसांतच ती उठून बाजारात खरेदीला गेली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन. १९५० सालीच हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण मात्रा वाढली आणि महिने उलटले तशी दुसरी बाजू पुढे आली: चेहरा गोल होणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग. आज तज्ज्ञ स्टिरॉइड वापरतात ते कमी मात्रेत आणि मोजक्या महिन्यांसाठी, मुख्य औषधाचा गुण येईपर्यंतचा आधार म्हणून.

इथे थोडं थांबून एक बोलायला हवं. ‘वातावर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या दोन दिवसांत गुण देतात, याचं कारण अनेकदा त्यांत बेमालूम मिसळलेलं स्टिरॉइड असतं. बाईला वाटतं, जडीबुटीने उतार पडला. ती वर्षभर पुडी घेते, सूज दबलेली दिसते, आत हाड कुरतडलं जातच असतं. मग पुडी एकदम बंद होते तेव्हा चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं अशी गत होते, कारण एव्हाना तिच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी काम थांबवलेलं असतं. पुडीवर आत काय आहे ते छापलेलं नसेल तर ती घेऊ नये, आणि घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नये. मनाने एकदम बंदही करू नये.

आज आमवाताच्या उपचाराचा कणा आहे मेथोट्रेक्सेट, आणि त्याच्या मुळाशी एक तेलुगू शास्त्रज्ञ आहे. भीमावरमला १८९५ मध्ये जन्मलेले, मद्रासला वैद्यक शिकलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख झाले. त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि मग त्याच्यासारखीच दिसणारी पण त्याचं काम अडवणारी रसायनं तयार केली. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांतलं अमिनोप्टेरिन रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं. १९५१ मध्ये गुबनर नावाच्या डॉक्टरांनी तेच आमवातावर वापरून पाहिलं आणि गुण आला. पण तेव्हा सगळं लक्ष कॉर्टिसोनकडे होतं. अमिनोप्टेरिनचं भावंड असलेल्या मेथोट्रेक्सेटचा आमवातातला उपयोग १९८५ च्या सुमारास नीट चाचण्यांनी सिद्ध झाला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुब्बाराव १९४८ मध्येच गेले. लाखो हात वाचवणाऱ्या या माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे असायला हवं.

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. कर्करोगात त्याची मात्रा कितीतरी मोठी असते, आमवातात आठवड्याला पंचवीस मिलिग्रॅमच्या आत. दुकानदार ‘कॅन्सरची गोळी आहे’ असं म्हणतो आणि बाई घाबरून डबी ठेवून देते, हे नेहमी घडतं. याच्या उलट चूक जिवावर बेतते: आठवड्याची गोळी रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तपेशी घटतात, मृत्यूही ओढवतो. म्हणून जाणता डॉक्टर कागदावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्यावर भागवत नाही. ‘दर रविवारी रात्री’ असा वार मराठीत लिहितो, त्याभोवती गोल करतो आणि रुग्णाकडून म्हणवून घेतो. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी. सुरुवातीला दर महिना-दीड महिन्याने, पुढे तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी. दारू वर्ज्य. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि याच काळात ‘काही फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलले जातात.

जोडीला सल्फासॅलाझिन आणि मूळचं मलेरियावरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही जुनी औषधं आहेत. प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचाच दुसरा आजार म्हणजे ल्युपस; त्याच्या रुग्णांना तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षं लागतं. २०२० मध्ये कोविडच्या धास्तीने लोकांनी त्याचा साठा केला आणि ज्यांना ते खरंच हवं होतं त्यांना दुकानोदुकानी फिरावं लागलं.

ग्लासगोमध्ये झालेला टिकोरा नावाचा अभ्यास २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. या सगळ्या विषयात मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. रुग्णांचे दोन गट केले. औषधं दोघांनाही तीच, जुनी आणि स्वस्त. एका गटाला नेहमीसारखं तीन महिन्यांनी बोलावलं. दुसऱ्याला दर महिन्याला बोलावून सांधे मोजले, आकडा खाली आला नसेल तर त्याच दिवशी मात्रा वाढवली किंवा औषध जोडलं, सुजलेल्या सांध्यात इंजेक्शन दिलं. अठरा महिन्यांनी नेहमीच्या गटात १६ टक्के रुग्णांचा रोग शांत झाला होता, दुसऱ्यात ६५ टक्के. नवा शोध नाही, महागडं इंजेक्शन नाही. फक्त ठरावीक लक्ष्य आणि ते गाठेपर्यंत चिकाटी. आज जगभर याच पद्धतीने उपचार करावेत असं सांगितलं जातं. ‘थोडं बरं आहे ना, मग चालू द्या’ हे वाक्य या आजारात घातक आहे.

महागडी इंजेक्शनंही आली, आणि ती यायलाच हवी होती. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी दाहाच्या साखळीत टीएनएफ हा रेणू कळीचा आहे हे दाखवलं आणि १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात त्याला अडवणारं प्रतिपिंड रुग्णांना दिलं. वर्षानुवर्षं आखडलेली माणसं जिना चढू लागली. १९९८ पासून इटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, पुढे अडालिमुमॅब अशी बायोलॉजिक औषधं बाजारात आली. भारतासाठी यात एक मोठी मेख आहे ती क्षयाची. क्षयाचे जंतू शरीरात कोंडून ठेवण्याचं काम हाच टीएनएफ करतो. त्याला अडवलं की वर्षानुवर्षं झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. त्यामुळे पहिल्या इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू ही कातडीवरची चाचणी किंवा तिच्या बरोबरीची रक्ततपासणी होते. सुप्त क्षय निघाला तर आधी त्याचं औषध सुरू करतात.

किमतीच्या बाबतीत भारतीय कंपन्यांनी चांगलं काम केलं. अहमदाबादच्या झायडसने २०१४ मध्ये अडालिमुमॅबची जगातली पहिली प्रतिकृती बाजारात आणली. तरीही दीर्घकाळ हा खर्च पेलणं बहुतेक घरांना जड जातं. अशा वेळी २०१३ मधला एक अभ्यास मोठा दिलासा देतो: मेथोट्रेक्सेट एकट्याने पुरं पडत नव्हतं अशा रुग्णांत सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडणं हे इटानरसेप्ट जोडण्यापेक्षा कमी ठरलं नाही. टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्याही आता भारतात जेनेरिक रूपात मिळतात. मात्र पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत हृदयविकार आणि कर्करोगाचं प्रमाण वाढल्याचं दिसल्यावर २०२१ मध्ये अमेरिकेने त्यांवर कडक इशारा छापायला लावला. स्वस्त झाली म्हणून सरसकट देण्याजोगी ती नाहीत.

बायोलॉजिक लागणाऱ्या, तरुण मुलांच्या आणखी एका आजाराचा उल्लेख टाळता येत नाही. पहाटे कंबरदुखीने जाग येते, उठून फिरलं की बरं वाटतं, बसून राहिलं की वाढतं. ‘मणक्यात गॅप’ किंवा ‘गादी सरकली’ म्हणून पट्टे आणि विश्रांती यांत वर्षं जातात. खरा आजार अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असतो आणि विश्रांतीने तो बिघडतो. एचएलए-बी२७ या जनुकाशी त्याचं नातं १९७३ मध्ये कळलं, पण ते जनुक असणाऱ्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. व्यायाम आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या हा पहिला उपाय. मेथोट्रेक्सेट मणक्यावर चालत नाही, तिथे बायोलॉजिक लागतात.

पुन्हा आमवाताकडे. मुलगी लग्नाची असेल तर आपल्या घरांत तो लपवतात आणि गोळ्या बंद करायला लावतात. ते थांबायला हवं. आमवात असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मूल होतं, फक्त ते ठरवून व्हायला लागतं. मेथोट्रेक्सेट दिवस राहण्याआधी काही महिने थांबवतात. आमवातावरचंच लेफ्लुनोमाइड हे औषध शरीरात फार काळ रेंगाळतं, ते धुऊन काढायला वेगळं औषध द्यावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन चालू ठेवता येतात. हेंच यांनी पाहिलं तसं गरोदरपणात निम्म्याहून अधिक जणींना आराम पडतो, पण बाळंतपणानंतर रोग बऱ्याचदा उसळतो. नेमक्या त्या दिवसांत बाळ उचलायला मनगटं हवी असतात, म्हणून पुढचं औषध कोणतं हे आठव्या-नवव्या महिन्यातच ठरवून ठेवावं.

‘गोळ्या कधी सुटणार?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो आणि त्याला तो हक्क आहे. नॉर्वेतल्या एका चाचणीत रोग वर्षभर शांत असलेल्या रुग्णांपैकी काहींची मात्रा निम्मी केली. पुढच्या वर्षभरात त्यांतल्या २५ टक्के जणांचा रोग पुन्हा उफाळला. पूर्ण मात्रा चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. म्हणजे चौघांपैकी तिघांचं निम्म्यावर भागलं, आणि ते तिघे कोण हे आधी कळत नाही. त्यामुळे तज्ज्ञ स्टिरॉइड सर्वांत आधी काढतात, मग बायोलॉजिकच्या दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवतात, मेथोट्रेक्सेटला शेवटी हात लावतात, आणि प्रत्येक पायरीवर काही महिने थांबून अठ्ठावीस सांधे पुन्हा चाचपतात. सूज परत दिसली तर आधीची मात्रा सुरू होते, आणि बहुतेकांचा रोग पुन्हा ताब्यात येतो.