परक्या गाडीत जपानी इंजिन : प्रीमियर 118 एन.ई.च्या निमित्ताने

वाकड-ताथवडे परिसरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी जुन्या गाडीत शक्तिशाली जपानी इंजिन बसविण्याची कल्पना प्रकल्पासाठी हौसेने मांडतात. तिचा विचार करताना मार्गदर्शक प्राध्यापकांनी प्रीमियर 118 एन.ई. ही गाडी आठवावी.

मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1985 मध्ये ती बाजारात आणली. देह स्पेनच्या सेआट 124चा, म्हणजे मूळ फियाटचा. हृदय मात्र निसानच्या ए12 इंजिनाचे. नावातील 'एन.ई.' ही अक्षरेही निसान इंजिनाचीच. 73 मि.मी. व्यास व 70 मि.मी. धाव असलेल्या चार सिलिंडरांचे हे 1171 सी.सी. इंजिन येथे सुमारे 52 अश्वशक्ती देत असे. आकडा किरकोळ वाटेल. परंतु सनी गाडीतील याच इंजिनाने 1970च्या दशकात जपानमधील शर्यती गाजविल्या होत्या.

कंपनीने इंजिनासोबत निसानचाच गिअरबॉक्स घेतला, यात खरे मर्म आहे. शिवाय दोन्ही मूळ गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसविलेले व गती मागच्या चाकांना दिलेली होती. याउलट होंडाची बहुतेक इंजिने आडवी बसतात व पुढची चाके फिरवितात. असे इंजिन पद्मिनीत बसवायचे तर जोडपट्टी, वेगळा गिअरबॉक्स, नवा प्रॉपेलर शाफ्ट, बदललेली माउंटिंग, मोठा रेडिएटर आणि इंजिनाच्या संगणकासह सारे वायरिंग लागते. ब्रेकचा विचार तर सहसा शेवटी होतो, तो प्रथम व्हावा : वेग ताशी 80 वरून 113 कि.मी. झाला की गतिज ऊर्जा दुप्पट होते आणि ती सारी उष्णता ब्रेकनाच जिरवावी लागते.

कायद्याची बाजू अधिक कठोर आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988च्या कलम 52नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ अन्वये अशा बदलासाठी वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इंधनप्रकार बदलण्यास मात्र, मान्यताप्राप्त सी.एन.जी. वा विद्युत संचापुरती, वाट मोकळी आहे. विद्यार्थ्यांचा प्रकल्प चाचणी-स्टँडवर वा बंदिस्त मार्गावर खुशाल चालवावा. एमएच-14ची पाटी लावून हिंजवडीच्या रस्त्यावर तो आणता येणार नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगणे उचित.