हॉटेल पुन्हा सुरू झाले, पण आत बसून जेवावे का?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यातील हॉटेल, खानावळी आणि बार निम्म्या आसनक्षमतेने रात्री १० वाजेपर्यंत सुरू ठेवण्याची परवानगी मिळाली होती. एप्रिलपासून हे व्यवसाय कधी फक्त पार्सलवर, तर कधी ठरावीक वेळेपुरते चालू होते. त्यानंतर वाशिम शहरातल्या भोजनालयांत आणि मालेगाव, कारंजा, रिसोडच्या रस्त्यांवरील ढाब्यांवर पुन्हा बसून जेवता येऊ लागले. त्यामुळे तेव्हा ओपीडीत एक प्रश्न वारंवार विचारला जात असे, "डॉक्टर, आता हॉटेलात बसून जेवलं तर चालेल का?"

याचे उत्तर सरसकट "हो" किंवा "नाही" असे देता येत नाही. कोण जेवायला जात आहे, कुठे आणि किती वेळ बसणार आहे, यावर ते ठरते.

धोका ताटात नाही, हवेत आहे

कोरोना झालेली व्यक्ती बोलते, हसते, खोकते तेव्हा तिच्या नाकातोंडातून थेंब आणि अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात. मोठे थेंब साधारण दोन मीटरच्या आत खाली बसतात. सूक्ष्म तुषार मात्र हवेत तरंगत राहतात आणि १० मीटरपर्यंत जाऊ शकतात. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये ही बाब स्पष्ट करून खेळत्या हवेवर भर दिला होता.

किराणा दुकानात तेव्हा आपण मास्क लावून दहा मिनिटांत काम उरकत होतो. हॉटेलात मास्क काढावाच लागतो, आपण अर्धा-पाऊण तास बसतो आणि शेजारच्या टेबलावरचे लोकही मास्कशिवाय बोलत असतात. धोका वाढतो तो यामुळे. गरम शिजवलेल्या अन्नातून कोरोना पसरल्याचे दिसून आलेले नाही. म्हणून तेच जेवण पार्सल आणून घरी खाल्ले, तर धोका बराच कमी होतो.

चीनमधील ग्वांगझू शहरातले उदाहरण बोलके आहे. २४ जानेवारी २०२० रोजी तिथल्या एका हॉटेलात तीन कुटुंबे शेजारशेजारच्या टेबलांवर दुपारचे जेवण घेत होती. त्यांतल्या एका व्यक्तीला लागण झालेली होती. पुढे या तीन कुटुंबांतले एकूण १० जण कोरोनाबाधित निघाले. टेबलांमध्ये सुमारे एक मीटर अंतर होते, पण तिथे बाहेरची ताजी हवा येत नव्हती आणि एसीच्या झोतामुळे तीच हवा या तीन टेबलांभोवती फिरत राहिली. शेजारची दोन कुटुंबे त्या रुग्णाच्या जवळ साधारण ५३ आणि ७३ मिनिटे बसली होती. त्याच मजल्यावर जेवणाऱ्या इतर ग्राहकांना लागण झाली नाही.

आपल्या जिल्ह्यातही बंदिस्त जागेत हा विषाणू किती वेगाने पसरतो, ते फेब्रुवारी २०२१ मध्ये दिसले. रिसोड तालुक्यातील देगाव येथील एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. मुले जिथे एकत्र राहतात, झोपतात आणि जेवतात, तिथे विषाणू एकदा आत आला की त्याला अडवणे कठीण जाते.

नियमांमागचे कारण

हे नियम तेव्हा अनेकांना जाचक वाटत होते. त्यामागचे कारण समजले, तर कोणता नियम किती महत्त्वाचा हे आपले आपल्याला ठरवता येते.

निम्मी आसनक्षमता: माणसे कमी असली की हवेत सुटणारे तुषारही कमी आणि दोन टेबलांमधले अंतर जास्त. मात्र निम्मी माणसेही एकाच कोपऱ्यात दाटीने बसवली, तर या नियमाचा उपयोग उरत नाही.

उघड्या खिडक्या-दारे: ऑगस्ट २०२१ च्या नियमांनुसार एसी असलेल्या जागेतही खिडक्या किंवा दारे उघडी ठेवून हवा खेळती ठेवायची होती. साधा एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो, बाहेरची हवा आत आणत नाही. विजेचे बिल वाढते म्हणून दार लावून घेतले, तर ग्वांगझूसारखी परिस्थिती तयार होते. सर्व नियमांत आरोग्याच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा होता.

कर्मचाऱ्यांचे लसीकरण: हॉटेलातील कर्मचाऱ्यांचे दोन्ही डोस झालेले असावेत आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटलेले असावेत, अशी अट तेव्हा होती. वाढपी दिवसभरात शंभर टेबलांजवळ जातो. ग्राहक अर्ध्या तासात निघून जातो, पण वाढपी दहा-बारा तास त्याच हवेत असतो. ही अट त्याच्याही जिवासाठी होती.

तापमान तपासणी: ताप नाही म्हणजे कोरोना नाही, असे नसते. अनेकांना कोणतेही लक्षण नसते. काहींना लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्यांच्यापासून इतरांना लागण होऊ शकते. दारातली तापमान बंदूक थोड्याच रुग्णांना अडवते, तिच्यावर विसंबून राहू नये.

सॅनिटायझर आणि फवारणी: हात धुणे आवश्यकच आहे, टेबल पुसणेही चांगले. पण केवळ फवारणी करून बंद खोलीतली हवा सुरक्षित होत नाही. अल्कोहोल असलेले सॅनिटायझर लगेच पेट घेते, त्यामुळे भट्टी, गॅसची शेगडी किंवा तंदूरजवळ ते ठेवू नये. हात चोळून पूर्ण कोरडे झाल्यावरच स्वयंपाकाला लागावे.

ढाबा, खानावळ की परमिट रूम?

रस्त्याकडेच्या ढाब्यावर उघड्यावर बाज किंवा टेबल टाकलेले असेल, तर तिथला धोका बंद हॉलपेक्षा पुष्कळ कमी असतो. वाऱ्याने तुषार पांगतात. पावसामुळे चारही बाजूंनी ताडपत्री बांधली असेल, तर मात्र ती जागा बंद खोलीसारखीच समजावी.

छोट्या खानावळीत जागा कमी असते, पण लोक पटकन जेवून उठतात. दार-खिडकी उघडी असेल आणि गर्दी नसेल, तर धोका आटोक्यात राहतो. दुपारी एक-दीडची गर्दीची वेळ टाळून जावे.

सर्वाधिक काळजी बार आणि परमिट रूमबाबत घ्यावी लागते. तिथे जागा बहुधा बंदिस्त असते, बैठक लांबते, आवाज चढतो आणि मोठ्याने बोलताना जास्त तुषार बाहेर पडतात. दोन पेगनंतर अंतराचे भानही राहत नाही. त्यात एकाच ताटलीतला चखणा, एकच सिगारेट. लस घेतलेली असली तरी त्या काळात अशी बैठक टाळणेच योग्य होते.

महिनोन्‌महिने बंद असलेले स्वयंपाकघर

पावसाळ्यात केवळ कोरोनाचाच विचार करून चालत नाही. हॉटेल बरेच दिवस बंद असेल, तर टाकीतले पाणी साचून राहिलेले असते, उंदीर-झुरळे झालेली असतात, मसाले जुने झालेले असतात. दूषित पाण्यातून गॅस्ट्रो, टायफॉइड आणि कावीळ होते. टायफॉइडचा ताप आणि कोरोनाचा ताप सुरुवातीला सारखाच वाटू शकतो, त्यामुळे निदानाला उशीर होतो.

हॉटेलचालकांनी टाकी रिकामी करून घासून घ्यावी, पाण्यात क्लोरीन वापरावे आणि एसीची जाळी धुवावी. ग्राहकांनी गरम, ताजे शिजवलेले अन्न मागवावे. चिरून ठेवलेला कांदा-काकडी, उघडी चटणी आणि बर्फ टाळावा. पिण्याचे पाणी घरून न्यावे.

अशा काळात कोणी पार्सलच घ्यावे?

• ६० वर्षांवरील व्यक्ती, विशेषतः ज्यांचे दोन्ही डोस झालेले नाहीत
• मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले रुग्ण
• कर्करोगाचे उपचार, डायलिसिस किंवा स्टिरॉइडची औषधे सुरू असलेले रुग्ण
• गर्भवती महिला
• ज्यांच्या घरी यांपैकी कोणी आहे आणि ज्यांचे स्वतःचे लसीकरण झालेले नाही

शेवटचा मुद्दा अनेकदा सुटतो. तरुण मुलगा मित्रांसोबत जेवून येतो, त्याला थोडी सर्दी होते आणि तो बरा होतो. त्याच्या घरातल्या आजींना मात्र ऑक्सिजन लागतो. लशीमुळे गंभीर आजाराचा धोका खूप कमी होतो, पण २०२१ मधील डेल्टा प्रकारात लस घेतलेल्यांनाही लागण होऊ शकत होती आणि त्यांच्यापासून इतरांना ती पोहोचू शकत होती.

रुग्णासोबत थांबलेल्या नातेवाइकांसाठी

खेड्यातून रुग्ण घेऊन वाशिमला आलेल्या कुटुंबाला बाहेर जेवण्यावाचून पर्याय नसतो. नातेवाईक हॉटेलात जेवून पुन्हा रुग्णाच्या खाटेशेजारी बसतो, त्यामुळे त्याने थोडी जास्त काळजी घ्यावी. शक्यतो पार्सल किंवा शिवभोजन थाळी घेऊन मोकळ्या जागेत, झाडाखाली बसून जेवावे. चौघांनी एकत्र न जाता पाळीपाळीने जावे. खाऊन झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मास्क नीट लावूनच वॉर्डात यावे. काढलेला मास्क टेबलावर ठेवू नये, कागदी पिशवीत ठेवावा.

जाणारच असाल तर

१. बाहेरची किंवा उघड्या खिडकीजवळची जागा मागा. खिडक्या बंद असतील तर उघडायला सांगा. उघडत नसतील तर पार्सल घ्या.
२. घरातल्याच माणसांसोबत बसा.
३. ऑर्डर देताना, जेवण येईपर्यंत आणि बिल देताना मास्क लावलेला असू द्या. वाढपी जवळ आला की बोलणे थांबवा.
४. जेवण झाले की उठा. गप्पा बाहेर मोकळ्यावर मारा.
५. सर्दी, घसा दुखणे किंवा कणकण असेल, तर त्या दिवशी जाऊ नका.

हॉटेलात जाऊन आल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला, अंगदुखी, जुलाब किंवा वास-चव जाणे अशी लक्षणे दिसली, तर घरातच वेगळे राहून तपासणी करून घ्या. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तरी लक्षणे असल्यास आरटीपीसीआर करावी. ऑक्सिजनची पातळी ९४ च्या खाली गेली किंवा दम लागू लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. चाचणी पॉझिटिव्ह आल्यास आपण जिथे जेवलो त्या हॉटेलमालकालाही कळवावे. लवकर कळले, तर तो कर्मचाऱ्यांची तपासणी करून घेऊ शकतो. त्यांच्याही घरी म्हातारी माणसे आणि लहान मुले आहेत.