परवान्यांचा संगम

श्रोतेहो, कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. संगमाखाली ओंजळ भरली, तर कुठले पाणी कोणत्या नदीचे हे कोणी सांगू शकेल काय? संगणकाच्या प्रोग्रॅमचेही असेच असते.

समजा, वाळवे तालुक्यातील एका गुरुजींनी गुणपत्रिकांचा प्रोग्रॅम लिहिला. जोडाक्षरे नीट उमटावीत म्हणून त्याला 'हार्फबझ' ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार भाग, जोडली. अँड्रॉइड फोनवर मराठी अक्षरे जुळवते ती हीच. ती फुकट मिळते. पण फुकट म्हणजे बेवारशी नव्हे. तिला धनी असतो, आणि तो परवान्यात अटी घालतो.

या अटी मुख्यतः तीन तऱ्हांच्या. हार्फबझचा परवाना एमआयटी वळणाचा: आमची हक्कनोंद व परवान्याचा मजकूर ठेवा, मग हवे ते करा. एलजीपीएल म्हणतो: लायब्ररीत केलेली दुरुस्ती खुली ठेवा आणि ती लायब्ररी बदलता येईल अशी सोय ठेवा, बाकी प्रोग्रॅम तुमचाच. जीपीएलची अट मात्र कडक: जोडून वाटाल, तर सगळ्या प्रोग्रॅमचे मूळ लिखाण घेणाऱ्याला जीपीएलखालीच द्या. जर्मनीतल्या 'क्लिस्प' प्रोग्रॅमने जीपीएलची 'रीडलाइन' लायब्ररी वापरली. त्यावरून वाद झाला आणि 1992 साली सबंध क्लिस्प जीपीएलखाली आला.

आता मेख पाहा. नदी उलटी वाहत नाही. एमआयटीचा भाग जीपीएलच्या प्रोग्रॅममध्ये मिसळतो; पण जीपीएलचा भाग घेऊन सगळे एमआयटीखाली वाटता येत नाही. काहींचा तर संगमच होत नाही. 'फक्त जीपीएल दुसरी आवृत्ती' आणि अपाची 2.0 यांच्या अटी जुळत नाहीत. 2007 साली जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा अपाचीचा भाग तिच्यात घेण्याची वाट झाली.

गुरुजींनी प्रोग्रॅम स्वतःपुरता वापरला, तर जीपीएलची हरकत नाही. पण साताऱ्याच्या शाळांनी तो मागितला आणि आत न जुळणारे दोन परवाने निघाले, तर तो देता येणार नाही; वर्षाची मेहनत घरातच राहील.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, लायब्ररी जोडण्याआधी तिच्यासोबतची 'लायसन्स' नावाची फाइल वाचा. नाव पाहा, आवृत्तीचा आकडा पाहा, आणि वहीत टिपून ठेवा. संगम झाल्यावर पाणी वेगळे करणे फार अवघड.