पोलाद उद्योगातील स्पर्धात्मक व्यूहरचना : टाटा स्टीलचा अनुभव

मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये व्यूहरचनेचे तीन मूलभूत प्रकार मांडले : न्यूनतम खर्च, उत्पादनाचे वेगळेपण आणि मर्यादित बाजारपेठेवर लक्ष केंद्रित करणे. पोलाद ही बहुतांशी प्रमाणित वस्तू असल्याने तिची किंमत एकट्या उत्पादकाला ठरविता येत नाही. म्हणून या उद्योगात खर्चावरील नियंत्रणास विशेष महत्त्व प्राप्त होते. प्रस्तुत लेखात टाटा स्टीलच्या संदर्भात याचा विचार केला आहे.

१९०७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे सामर्थ्य नोआमुंडीसारख्या तिच्या स्वतःच्या लोहखनिज खाणींत आहे. बाजारात खनिजाचे भाव चढले तरी तिचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. २००७ मध्ये तिने सुमारे १२ अब्ज डॉलरना युरोपातील कोरस कंपनी विकत घेतली. तंत्रज्ञान व बाजारपेठ लाभली. परंतु कोरसकडे स्वतःच्या खाणी नव्हत्या. २००८ च्या मंदीत मागणी घटताच ही उणीव तीव्रतेने जाणवली. पुढे वाढता तोटा व कार्बन-उत्सर्जनाचा प्रश्न यांमुळे वेल्समधील पोर्ट टॅलबॉटची अखेरची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि हजारो रोजगारांवर गदा आली.

तात्पर्य, कंपनी विकत घेता येते. मात्र खाणींमुळे मिळणारा लाभ दुसऱ्या देशात नेता येत नाही. भारतातही तो कायमस्वरूपी नाही. २०१५ च्या कायदादुरुस्तीनुसार कंपनीच्या जुन्या खाणपट्ट्यांची मुदत मार्च २०३० मध्ये संपते; त्यानंतर लिलावाची तरतूद आहे. त्यामुळे वाहनांसाठीचे पत्रे, ‘टाटा टिस्कॉन’सारख्या नाममुद्रा यांद्वारे वेगळेपण जोपासणे ही यापुढे कंपनीची गरज ठरते.