जुने इंजिन, नवा गिअरबॉक्स आणि मधला क्लच

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात क्लचवर लेख लिहावा, याचे आमच्या प्राध्यापक मंडळींना नवल वाटेल. रामटेकच्या अंकात मेघदूत हवे, हे मलाही मान्य आहे. पण यक्षाच्या मेघाला रामगिरीवरून निघताना क्लच दाबावा लागला नव्हता. आमच्या मामांना मात्र तीच चढण जीपने चढावी लागते. त्या चढणीवर जे घडले आणि त्यातून मला जे कळले, ते सोप्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलिस जीपची जुळणी स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात महिंद्र कंपनीने मुंबईत सुरू केली. मामांची सीजे-३बी जीप त्याच कुळातली. चार सिलिंडरांचे, सुमारे २२०० घन सेंटिमीटरचे तिचे पेट्रोल इंजिन अजून ठणठणीत आहे. पण तीन गिअरचा मूळ गिअरबॉक्स पार झिजला होता. मामांनी भंगारबाजारातून अलीकडच्या डिझेल जीपचा पाच गिअरचा गिअरबॉक्स आणला. दोहोंना जोडणारी जाड प्लेट लेथवर करून घेतली. राहिला क्लच. तो निवडताना "बसला म्हणजे झाले" असे सर्वांनीच मानले, आणि तिथेच घोटाळा झाला.

त्यानंतर एका रविवारी आजीला रामाच्या दर्शनाला घेऊन आम्ही गडावर निघालो. वळणापाशी जीप थांबली ती पुन्हा निघेना. इंजिन गरजत होते, करपलेला वास येत होता आणि चाके जागची हलत नव्हती. ब्रेकवरचा पाय काढला की जीप मागे सरके. मामेभावाने उडी मारून चाकांमागे दगड लावले म्हणून बरे. आजी खाली उतरली आणि म्हणाली, "मी पायीच जातो बाप्पा. तुमच्या जीपमध्ये आता नाही बसत." मामांचा चेहरा उतरला तो घरी येईपर्यंत तसाच होता.

क्लच म्हणजे दोन घराण्यांमधला मध्यस्थ. फ्लायव्हील आणि तिच्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट इंजिनाबरोबर फिरतात. या दोघींच्या मध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट असते. तिच्या मधल्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतात. स्प्रिंगांच्या जोराने ही प्लेट दाबली गेली की इंजिनाचा पीळ गिअरबॉक्सकडे जातो. पेडल दाबले की पकड सुटते. म्हणून खाचांची संख्या आणि माप गिअरबॉक्सप्रमाणे, प्रेशर प्लेटच्या बोल्टांची भोके फ्लायव्हीलप्रमाणे, आणि क्लच प्लेटचा व्यास प्रेशर प्लेटप्रमाणे हवा.

आमच्या क्लचमध्ये हे तिन्ही जुळले होते! मग चुकले कुठे? गाडी उघडल्यावर एका वयस्क मिस्त्रींनी जुनी आणि नवी क्लच प्लेट शेजारी ठेवून कॅलिपर लावला. नवी प्लेट दीड मिलिमीटरने पातळ निघाली. जुन्या पद्धतीच्या प्रेशर प्लेटमध्ये गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. मधली प्लेट पातळ असली की त्या तितक्या कमी दबतात आणि त्यांचा जोर कमी पडतो. सपाट रस्त्यावर हे कळले नाही. चढणीने ते उघडे केले.

मग जोर किती हवा? या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ सुमारे १६ किलोग्रॅम-मीटर आहे. क्लचने त्याच्या सव्वा ते दीडपट पेलावा, असा सर्वसाधारण नियम आहे. आपण २१ धरू. क्लच पेलू शकेल तो पीळ म्हणजे स्प्रिंगांचा जोर, घर्षणांक (साधारण ०.३), अस्तराची सरासरी त्रिज्या आणि अस्तराच्या बाजू (म्हणजे २) यांचा गुणाकार. सरासरी त्रिज्या ८.२५ सेंटिमीटर असेल, तर सुमारे ४२५ किलो जोर लागतो, ती ९.४५ सेंटिमीटर असेल, तर ३७० पुरतो. म्हणजे थोडी मोठी प्लेट घेतली की स्प्रिंगा हलक्या चालतात.

"मग स्प्रिंगा दुप्पट जोराच्या घालू," असे एकाने सुचवले होते. पण तो अतिरेक झाला असता. पेडल दाबताना तो सारा जोर क्रँकला पुढे ढकलतो. जुन्या इंजिनात त्याच्या टोकाच्या चकत्या आधीच झिजलेल्या असतात. शिवाय पायाला त्रास आणि गिअरबॉक्सला हिसके बसतात ते वेगळेच.

शेवटी गिअरबॉक्स ज्या गाडीचा, त्याच गाडीची क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट असा पूर्ण जोड घेतला. तिची स्प्रिंग पसरट चकतीची, म्हणजे डायफ्रॅम जातीची. अस्तर झिजले तरी तिचा जोर फारसा घटत नाही. क्लच प्लेटच्या मध्यभागी लहान स्प्रिंगा आहेत. कमी फेऱ्यांवर ओढणाऱ्या जुन्या इंजिनाचे धक्के त्या पचवतात. फ्लायव्हील लेथवर साफ करून तिला नवी भोके पाडली आणि तिचा तोल तपासून घेतला. शाफ्टचे टोक क्रँकच्या मागच्या बुशमध्ये टेकते. तो बुश नव्या मापाचा केला. रिलीज बेअरिंगची उंचीही मोजली, कारण ते नेमके टेकले नाही तर पेडल दाबूनही पकड पूर्ण सुटत नाही.

पुढे त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी मामांनी जीप त्याच वळणावर मुद्दाम थांबवली आणि सावकाश उचलली. ती कुरकुर न करता निघाली. दुसऱ्या दिवशी आजीला विचारले, तर ती म्हणाली, "आधी तुम्ही तीनदा जाऊन या." आम्ही तीनदा गेलो. चौथ्या खेपेला आजी पुढच्या सीटवर बसली होती.

वाचकहो, जुन्याला नवे जोडायला हरकत नाही. फक्त मधल्या दुव्याची जाडीसुद्धा मोजून घ्यावी, एवढेच सांगायचे होते.