शिरेंतून दिलें जाणारें लोह

पांडुरोग हें नांव आपल्या वैद्यकांत फार जुनें आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सोळावा अध्याय याच रोगाचा असून त्यांत सांगितलेलीं नवायस चूर्ण व मंडूरवटक हीं औषधें लोहाचींच आहेत. सतराव्या शतकांत सिडनहॅम या इंग्रज वैद्यानेंहि फिकट पडलेल्या तरुणींना मद्यांत भिजविलेला लोखंडाचा कीस दिला. परस्परांपासून दूरच्या या दोन परंपरा एकाच धातूकडे वळल्या, यावरून त्या धातूची योग्यता दिसून येते.

आजचा प्रश्न लोह द्यावें कीं नाहीं हा नसून तें कोणत्या वाटेनें द्यावें हा आहे. याविषयीं सुशिक्षित घरांतहि दोन विरुद्ध समज आढळतात. कोणी म्हणतात, "एक सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल." कोणी म्हणतात, "दिवस गेलेल्या मुलीला शिरेंतून कांहीं देऊं नका." पहिला समज व्यर्थ खर्चाचा आहे, दुसरा प्रसंगीं प्राणावर बेततो.

रोग किती पसरलेला आहे तें पाहूं. सन २०१९ ते २०२१ मध्यें झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें. चूल एक, अन्न एक, मग हें अंतर कां? शरीराचा जमाखर्च मांडला म्हणजे उत्तर सांपडतें. देहांत सारें मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतें आणि रोजच्या अन्नांतून एक-दोन मिलिग्रॅमच अंगीं लागतें. उलट, एक मिलिलिटर रक्त गेलें कीं सुमारें अर्धा मिलिग्रॅम लोह जातें. मासिक स्राव दर महिन्याला हा खर्च करवितो, आणि एका गरोदरपणाची गरज सुमारें १००० मिलिग्रॅमची असते. त्यांत शाकाहारांतील लोह कमी शोषलें जातें, आणि अनेक घरांत स्त्री अजूनहि शेवटच्या पंक्तीला, उरेल त्यावर जेवते.

तरी पहिला उपाय गोळीच होय. ती स्वस्त आहे आणि बहुतेकांना पुरते. लिंबाच्या सरबताबरोबर घेतलेली गोळी चांगली लागू पडते. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांबरोबर घेतलेली बरीचशी वाया जाते. शौचास काळें झालें म्हणून घाबरूं नये, आणि हिमोग्लोबिन भरलें म्हणून गोळी लगेच सोडूं नये. साठा भरण्यास आणखी सुमारें तीन महिने लागतात.

मग शिरेची वाट कोणासाठीं? ज्यांना गोळीनें मळमळ व पोटदुखी असह्य होते, ज्यांच्या आंतड्यांत दोष आहे, ज्यांचा स्राव गोळीच्या भरपाईहून अधिक आहे, किंवा ज्यांच्यापाशीं वेळ उरलेला नाहीं, त्यांच्यासाठीं. यकृतांत हेप्सिडिन नांवाचें द्रव्य तयार होतें. तें आंतड्याच्या दारावरील द्वारपालच होय. जुनाट दाह असला कीं हा द्वारपाल दार लावून घेतो आणि गिळलेलें लोह आंत येऊं देत नाहीं. शिरेंतून दिलेलें लोह त्या दाराशीं जातच नाहीं.

मोकळें लोह रक्तांत सोडणें विषासमान असतें. म्हणून तें शर्करेसारख्या द्रव्याच्या वेष्टनांत गुंडाळून देतात. मात्रा गणितानें ठरते: वजनाचे किलो गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, आणि साठ्यासाठीं अधिक ५००. पन्नास किलो वजनाच्या गर्भवतीचें हिमोग्लोबिन ७ असून तें ११ वर न्यावयाचें असेल, तर ४८० अधिक ५००, म्हणजे ९८० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज हें औषध सामान्यतः एका वेळीं २०० मिलिग्रॅम देतात, म्हणजे पांच खेपा झाल्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकींत, सुमारें पंधरा मिनिटांत, १००० मिलिग्रॅमपर्यंत देतां येतें.

भीतीचें मूळ जुनें आहे. १९५४ च्या सुमारास प्रचारांत आलेल्या आयर्न डेक्स्ट्रॅननें कांहीं रोग्यांना प्राणघातक प्रतिक्रिया झाल्या. आजच्या औषधांत तसा प्रसंग विरळा. पण विरळा म्हणजे अशक्य नव्हे. म्हणून हें औषध घरीं बोलावून टोंचून घेण्याचें नाहीं. जेथें आणीबाणीची सोय आहे अशाच ठिकाणीं तें घ्यावें व नंतर अर्धा तास तेथेंच बसावें. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, किंवा अंगांत जंतुसंसर्ग असतां, तें देत नाहींत. शिरेबाहेर झिरपल्यास कातडीवर तपकिरी डाग फार दिवस राहतो; फेरिक कार्बोक्सिमाल्टोजनें रक्तांतील फॉस्फेटहि उतरूं शकतें.

आणखी एक विवेक हवा. प्रत्येक फिकटपणा लोहाच्या अभावाचा नसतो. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ असते, आणि थॅलेसिमियाचा वारसा असल्यासहि रक्त कमी दिसतें. म्हणून आधीं फेरिटिनसह रक्ततपासणी करावी. वृद्ध पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या स्त्रींत लोह उतरलें, तर पोटांत कोठें रक्त झिरपतें आहे काय तें शोधावें. नाहींतर भोंक न बुजवितां घागर भरीत बसल्यासारखें होईल.

लोह चढविणें म्हणजे रक्त चढविणें नव्हे. त्याचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून प्रसूति तोंडावर आली असतां किंवा हिमोग्लोबिन पांचाच्या खालीं गेलें असतां रक्तच द्यावें लागतें. येथेंच दिरंगाईचें मोल कळतें. प्रसूतींत थोडाफार रक्तस्राव व्हावयाचाच. सशक्त स्त्री तो सोसते, पांडुरोगी स्त्रीला तोच प्राणांतिक ठरूं शकतो. सातव्या महिन्यांत डॉक्टरांनीं शिरेंतून लोह देण्याचें सुचविलें आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं "पाहूं पुढें" म्हणून तें टाळलें, तर ते आठवडे पुन्हां मिळत नाहींत.

एकत्र कुटुंबांत सून स्वतःचा थकवा सहसा बोलून दाखवीत नाहीं. जिना चढतांना तिला धाप लागते तीहि कामाच्या गडबडींत झांकली जाते. तेव्हां तिनें म्हणण्याची वाट न पाहतां सासूबाईंनीं व कर्त्या पुरुषांनीं तिला तपासणीस न्यावें, आणि तिचें ताट पहिल्या पंक्तींत मांडावें. औषधाची वाट डॉक्टर ठरवितील. वेळेवर तेथवर पोंचविणें हें घराचें काम आहे.